कृष्णेच्या पाण्यातील आणि गाळातील मायक्रोप्लास्टिक : नमुना घेण्यापासून मोजणीपर्यंत

कृष्णेचा पूर ओसरला की सांगलीपासून हरिपूरपर्यंतच्या काठावरील झाडाझुडपांना प्लास्टिकच्या चिंध्या लटकलेल्या दिसतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हे दृश्य जिल्ह्यातील प्रत्येकाने पाहिले आहे. चिंध्या डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांच्याविषयी बोलले जाते आणि कधीमधी त्या गोळाही केल्या जातात. मात्र उन्हाने ठिसूळ होऊन, वाळूवर घासून आणि पाण्याच्या आपटण्याने त्यांचे जे बारीक तुकडे होतात, ते गाळात, शेतात आणि उपसा योजनांच्या पाण्यात शिरतात आणि साध्या नजरेला सापडत नाहीत. ५ मिलिमीटरपेक्षा लहान अशा प्लास्टिकच्या कणांना आणि धाग्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मधील शोधनिबंधामुळे ही संज्ञा रूढ झाली, आणि ५ मिलिमीटरची वरची मर्यादा अमेरिकेतील टॅकोमा येथे २००८ मध्ये झालेल्या कार्यशाळेनंतर सर्वत्र वापरली जाऊ लागली. खालची मर्यादा बहुधा १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) धरतात. प्रत्यक्षात ती आपल्या हातातील जाळी आणि उपकरण यांवरून ठरते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयीन शिक्षक, पदव्युत्तर विद्यार्थी आणि नदीसाठी काम करणाऱ्या मंडळांना डोळ्यांसमोर ठेवून ही कार्यपद्धती लिहिली आहे. गाळणपत्रावर काही कण मोजून आकडा सांगणे फारसे कठीण नाही. तो आकडा कृष्णेचा आहे, आपल्या सदऱ्याचा, दोराचा किंवा प्रयोगशाळेतील धुळीचा नाही, हे दाखवून देणे कठीण आहे, आणि माझ्या मते या कामातील निम्म्याहून अधिक श्रम तेथेच खर्च व्हायला हवेत.

प्रश्न आणि ठिकाण

नमुना घेण्यापूर्वी प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. ‘कृष्णेत मायक्रोप्लास्टिक आहे का?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण लोकवस्तीतून वाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नदीत ते सापडते. ‘सांगलीचे सांडपाणी आणणारा शेरीनाला मिळतो त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पाण्यात धाग्यांचे प्रमाण किती बदलते?’, ‘बंधाऱ्यामागे साठलेल्या गाळात वाहत्या पात्रातील गाळापेक्षा अधिक कण आहेत का?’ किंवा ‘मल्चिंग पेपर (जमिनीवर अंथरायचे प्लास्टिक) वापरलेल्या आणि न वापरलेल्या द्राक्षबागेच्या मातीत काय फरक आहे?’ अशा प्रश्नांना उत्तर मिळू शकते, आणि ते उत्तर पुढे कोणालातरी उपयोगीही पडते. नमुन्याचे माध्यम, जाळीचा आकार, नमुन्यांची संख्या आणि ऋतू हे सर्व त्या वाक्यातून ठरत जाते.

ठिकाणे निवडताना नदीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, माहुलीला वेण्णा मिळते आणि हरिपूरला वारणा. दोन नद्यांचे पाणी मिळताक्षणी एकजीव होत नाही. काही अंतरापर्यंत ते एकाच पात्रात शेजारीशेजारी वाहत राहते. म्हणून संगमालगत एका काठावर घेतलेला नमुना प्रत्यक्षात एकाच नदीचा असू शकतो. संगमाच्या वर दोन्ही नद्यांवर एकेक आणि खाली पाणी पुरते मिसळल्यावर एक, असे निदान तीन नमुने घ्यावेत, आणि खालचा नमुना घेताना पात्राच्या दोन्ही कडांचे आणि मध्याचे पाणी स्वतंत्रपणे घ्यावे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे फळ्या घातल्यावर पाणी संथ होते आणि हलका गाळ खाली बसतो. फळ्या काढल्यावर तोच गाळ उठून पुढे जातो. फळ्या कधी घातल्या आणि कधी काढल्या याची नोंद नसेल तर दोन महिन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ राहत नाही.

ऋतूचेही तसेच आहे. उन्हाळ्यात प्रवाह कमी असतो आणि सांडपाण्याचा वाटा वाढतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रस्ते आणि गटारे धुऊन निघतात. ऑगस्टमध्ये पाणी प्रचंड वाढल्याने दर लिटरमागे कण कमी दिसले तरी नदीतून दर दिवशी वाहून जाणारे एकूण कण कित्येक पटींनी अधिक असू शकतात. म्हणून नमुन्याच्या दिवसाची पाणीपातळी आणि मिळाल्यास विसर्गाचा आकडा लिहून ठेवावा. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते, तिचा उपयोग करावा. मुसळधार पावसात किंवा कोयनेतून विसर्ग सुरू असताना मात्र पात्रात उतरू नये, आणि कोणत्याही दिवशी एकट्याने नमुना घ्यायला जाऊ नये.

स्वतःचे प्लास्टिक नमुन्यात जाऊ न देणे

निघण्यापूर्वी कपड्यांचा विचार करावा. नमुना घेणाऱ्या प्रत्येकाने सुती कपडे घालावेत; पॉलिस्टरची साडी, ओढणी, ट्रॅक पँट आणि लोकरीसारखे दिसणारे ॲक्रिलिक स्वेटर घरी ठेवावेत. त्यावर गडद केशरी किंवा गुलाबी अशा ठळक, एकाच रंगाचा सुती कोट घालावा. पुढे गाळणपत्रावर त्या रंगाचा धागा दिसला तर तो आपलाच आहे हे लगेच ओळखता येते. बादलीला नायलॉनचा दोर न बांधता सुताचा किंवा काथ्याचा बांधावा. बादली स्टीलची, गाळ काढायला स्वयंपाकघरातील स्टीलचे उलथणे आणि साठवणीला स्टीलचे डबे किंवा काचेच्या बरण्या घ्याव्यात. रंग दिलेले खुरपे वापरू नये, कारण त्या रंगाचे पापुद्रेही पॉलिमरचेच असतात. बरणीचे झाकण धातूचे असले तरी आतून त्याला बहुधा मऊ प्लास्टिकचे अस्तर असते, म्हणून तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल घालून मगच झाकण लावावे.

काही गोष्टी टाळता येत नाहीत. नाव फायबरची असते, तिचा रंग निघत असतो आणि जाळी तर नायलॉनचीच मिळते. अशा प्रत्येक वस्तूचा लहानसा तुकडा कापून, पाकिटावर नाव लिहून जपून ठेवावा, म्हणजे संशयास्पद कण सापडल्यास त्याच्याशी ताडून पाहता येईल.

प्रयोगशाळेत पंखा बंद ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत हे त्रासाचे आहे, तेव्हा पहाटेची वेळ निवडावी. टेबल ओल्या सुती कापडाने पुसावे, भांडी गाळलेल्या पाण्याने तीनदा विसळावीत आणि प्रत्येक उघडे भांडे फॉइलने झाकावे. ऊर्ध्वपातित पाणीही बहुधा प्लास्टिकच्या कॅनमधून येते, म्हणून विसळण्याचे, द्रावण करण्याचे आणि धुण्याचे सर्व पाणी ग्लास फायबर गाळणपत्रातून गाळून काचेच्या बाटलीत भरावे. द्रावणेही वापरण्यापूर्वी तशीच गाळावीत. मिठातच प्लास्टिकचे कण असतात, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे.

एवढे करूनही काही धागे हवेतून पडतातच. ते किती पडतात हे मोजण्यासाठी कोरे नमुने ठेवतात, आणि ज्या अहवालात कोऱ्या नमुन्यांचा उल्लेख नाही त्यातील आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही. कोरे नमुने तीन प्रकारचे हवेत. पहिला नदीकाठचा : गाळलेले पाणी काठावर नेऊन, तीच बादली आणि त्याच चाळण्या वापरून, नेहमीच्या नमुन्याइतक्याच वेळात बरणीत भरायचे. दुसरा प्रक्रियेचा : गाळलेले पाणी घेऊन पचन (रसायनांनी सेंद्रिय पदार्थ काढणे), विलगीकरण, गाळण ही प्रत्येक पायरी खऱ्या नमुन्याप्रमाणे करायची. तिसरा हवेचा : काम चालू असताना ओले गाळणपत्र काचेच्या पेट्री डिशमध्ये शेजारी उघडे ठेवायचे. नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर प्रक्रियेचे निदान तीन कोरे नमुने चालवावेत.

त्यांचा उपयोग कसा होतो हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करतो. समजा, तीन कोऱ्या नमुन्यांत अनुक्रमे ३, ५ आणि ४ धागे आढळले. त्यांची सरासरी ४ आणि प्रमाण विचलन १. सरासरीत प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवली की ७ ही शोधमर्यादा मिळते. ज्या नमुन्यात ६ धागे आहेत, त्याविषयी ‘धागे आढळले’ असे म्हणता येत नाही. ‘शोधमर्यादेपेक्षा कमी’ असेच लिहावे लागते. धागे, तुकडे, पापुद्रे आणि गोळे यांची शोधमर्यादा वेगवेगळी काढावी, कारण हवेतून पडतात ते जवळजवळ सगळे धागेच असतात. तुकड्यांच्या आकड्यांना त्यांची शिक्षा देण्याचे कारण नाही.

पाण्याचा नमुना

पाण्याच्या नमुन्यासाठी दोन पद्धती आहेत आणि दोन्हींची उत्तरे वेगळी येतात. जाळी लावण्याच्या पद्धतीत सुमारे ३०० मायक्रॉन छिद्रांची जाळी येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून ठरावीक वेळ धरतात. तोंडाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर तोंडाचे क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मीटर होते. तोंडाशी बसवलेल्या प्रवाहमापकाने वेग दर सेकंदाला ०.५ मीटर दाखवला आणि जाळी १० मिनिटे पाण्यात पूर्ण बुडवून ठेवली, तर ३०० मीटर लांबीचा पाण्याचा स्तंभ, म्हणजे सुमारे २१ घनमीटर पाणी, तिच्यातून गेले. जाळी अर्धीच बुडाली असेल तर क्षेत्रफळ अर्धे धरावे. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात जाळी काही मिनिटांतच गाळाने तुंबते आणि पाणी आत न शिरता बाजूने वळून जाते. प्रवाहमापकाचा वेग कमी होऊ लागताच जाळी बाहेर काढावी आणि तेवढीच वेळ नोंदवावी. बाहेर काढल्यावर जाळी बाहेरच्या बाजूने गाळलेल्या पाण्याने धुवावी, म्हणजे कण तळाच्या डब्यात उतरतात आणि बाहेरचे पाणी आत मिसळत नाही.

दुसरी पद्धत बादलीची आहे. स्टीलच्या बादलीने मोजून २० लिटर पाणी घ्यावे आणि ते एकावर एक ठेवलेल्या ५ मिलिमीटर, १ मिलिमीटर, ३०० मायक्रॉन आणि जमल्यास ६३ मायक्रॉनच्या स्टील चाळण्यांतून ओतावे. जाळीतून निसटणारे बारीक धागे येथे सापडतात, मात्र पाणी थोडे असल्याने मोठे आणि विरळ कण हुकतात. समजा, बादलीत शोधमर्यादेच्या वर जाणारे ९ कण मिळाले. म्हणजे दर घनमीटरला ४५० झाले. त्याच जागी त्याच दिवशी जाळीत २१ घनमीटरमागे ४२ कण मिळाले, म्हणजे दर घनमीटरला २. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण दोन्हींनी वेगवेगळ्या आकाराचे कण पकडले आहेत. ‘नदीत मायक्रोप्लास्टिक दोनशे पट वाढले’ अशा बातम्या याच गोंधळातून निघण्याचा धोका असतो. माझी सूचना अशी की, सांगली परिसरात कापडाचे आणि धुण्याच्या सांडपाण्याचे धागे महत्त्वाचे असल्याने बादलीची पद्धत मुख्य ठेवावी आणि मोठ्या तुकड्यांसाठी जाळीची जोड द्यावी.

एका जागी एकच नमुना कधीही घेऊ नये. निदान तीन घ्यावेत. मोजणीतील अनिश्चितता साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते : ९ कणांमागे ३, तर १०० कणांमागे १०. कमी कण मिळत असतील तर अधिक पाणी गाळणे, हाच त्यावरचा उपाय.

गाळ आणि माती

काठावरील गाळासाठी पाण्याच्या कडेला समांतर १०० मीटरची दोरी ताणून तिच्यावर पाच जागा निश्चित कराव्यात. जागा आधी ठरवाव्यात. तेथे पोहोचल्यावर प्लास्टिक दिसते म्हणून एखादी जागा निवडली तर निष्कर्ष आधीच ठरल्यासारखा होतो. प्रत्येक जागी ३० सेंटिमीटर बाजूची धातूची चौकट ठेवून वरचा ५ सेंटिमीटर थर उलथण्याने काढावा. शेतातील मातीसाठी ० ते १० आणि १० ते २० सेंटिमीटर असे दोन थर वेगळे घ्यावेत, कारण नांगरटीने मल्चिंग पेपरचे तुकडे खाली जातात. तासगाव-मिरज भागात ठिबकच्या नळ्या, पक्ष्यांपासून बचावासाठीच्या जाळ्या आणि बेदाणा शेडचे हिरवे शेडनेट हे प्लास्टिकचे स्थानिक स्रोत आहेत. त्यांचेही लहान नमुने शेतकऱ्याच्या परवानगीने घेऊन ठेवावेत. हिरवा सपाट पॉलिइथिलिनचा धागा नदीत सापडला तर तो कोठून आला असावा, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

नमुना ओव्हनमध्ये ५० ते ६० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. नेहमीचे मातीपरीक्षणाचे १०५ अंश तापमान येथे चालत नाही, कारण त्याने काही प्लास्टिके मऊ पडून आक्रसतात. वाळलेल्या काळ्या मातीची ढेकळे दगडासारखी होतात आणि ती खलात कुटण्याचा मोह होतो, पण कुटल्याने प्लास्टिकही फुटते आणि एका कणाचे पाच होतात. त्याऐवजी नमुना सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या सौम्य द्रावणात रात्रभर भिजत ठेवावा. काळ्या मातीतील फुगणारी चिकणमाती त्याने सुटी होते, आणि मग ती ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुता येते. असे धुतले तर ६३ मायक्रॉनपेक्षा लहान कण आपण सोडून दिले आहेत, याची नोंद अहवालात हवी.

घनतेने वेगळे करणे

वाळूतील क्वार्ट्झची घनता २.६५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. प्लास्टिक हलके असते. योग्य घनतेच्या द्रावणात प्लास्टिक वर येते आणि वाळू तळाशी बसते. द्रावण कोणते घ्यावे, यावर मात्र सगळा निकाल अवलंबून आहे. संपृक्त मिठाचे द्रावण एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळवून होते, स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, आणि त्याची घनता १.२ येते. त्यात पॉलिप्रॉपिलीन (सुमारे ०.९), पॉलिइथिलिन (०.९१ ते ०.९७), पॉलिस्टायरिन (१.०५) आणि नायलॉन (१.१४) तरंगतात. पॉलिस्टर म्हणजेच पीईटी (सुमारे १.३८) आणि पीव्हीसी (१.३ ते १.४५) मात्र बुडतात. विट्याच्या यंत्रमागांपासून घरोघरच्या वॉशिंग मशीनपर्यंत ज्या भागात पॉलिस्टरचा वापर इतका आहे, तेथे केवळ मिठाचे द्रावण वापरून ‘गाळात पॉलिस्टर आढळले नाही’ असे लिहिणे ही फार मोठी चूक ठरेल.

म्हणून शक्य असेल तेथे झिंक क्लोराइडचे १.६ घनतेचे द्रावण वापरावे. घनता तपासण्यासाठी १०० मिलिलिटरचा प्रमाणित फ्लास्क खुणेपर्यंत भरून वजन करावे. फ्लास्कचे वजन वजा जाता १६० ग्रॅम यायला हवे. हे द्रावण आम्लधर्मी आणि दाहक असते, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे आवश्यक आहेत. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि या द्रावणात ते फसफसून फेस आणतात. द्रावण हळूहळू ओतावे आणि फेस बसेपर्यंत थांबावे. सोडियम आयोडाइडनेही तेवढी घनता मिळते, पण ते महाग पडते.

सुमारे ५० ग्रॅम वाळलेला नमुना काचेच्या उंच भांड्यात घेऊन त्यात दोनशे मिलिलिटर द्रावण घालावे, काचेच्या कांडीने पाच मिनिटे ढवळावे, भांड्याच्या कडा द्रावणाने धुवाव्यात आणि फॉइल झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी वरचा थर ओतून गाळावा. तळाच्या गाळावर हीच क्रिया आणखी दोनदा करावी, कारण पहिल्या वेळी वाळूखाली अडकलेले धागे बहुधा नंतर सुटतात. गाळलेले झिंक क्लोराइड फेकू नये. ग्लास फायबर गाळणपत्रातून गाळून आणि घनता तपासून ते पुन्हा वापरता येते. ते बेसिनमध्ये ओतले तर शेवटी ओढ्यात किंवा नदीत जाते आणि माशांना विषारी ठरते. नदीच्या अभ्यासासाठी नदीत विष सोडणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. निकामी द्रावण वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडेच द्यावे.

सेंद्रिय पदार्थ काढणे

कृष्णेच्या पाण्यात पाने, शेवाळ, जलपर्णीची मुळे आणि उसाच्या चिपाडाचे तंतू भरपूर असतात, आणि ते काढल्याशिवाय मोजणी अशक्य होते. पाण्याच्या नमुन्यात हे काम प्रथम करतात, गाळाच्या नमुन्यात घनतेने वेगळे केल्यानंतर. प्रचलित पद्धत फेंटन अभिक्रियेची आहे : ०.०५ मोलर फेरस सल्फेटचे २० मिलिलिटर आम्लयुक्त द्रावण आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे २० मिलिलिटर. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या २०१५ च्या पद्धतीत मिश्रण ७५ अंशांपर्यंत तापवतात, पण नायलॉनसारख्या प्लास्टिकांच्या दृष्टीने ते ५० अंशांच्या आसपास ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते. वेळ थोडा जास्त लागतो एवढेच. ही अभिक्रिया एकदम उसळते. पेरॉक्साइड थोडे थोडे घालावे, शेजारी बर्फाचे पाणी तयार ठेवावे, भांडे कधीही घट्ट बंद करू नये, आणि हे काम धूर-कपाटातच (फ्यूम हूड) करावे. घरी किंवा शाळेच्या वर्गात हा प्रयोग करू नये.

मासे तपासायचे असतील तर फेंटनऐवजी १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ४० अंशांना एक-दोन दिवस ठेवतात. तीव्र नायट्रिक आम्ल टाळावे. ते नायलॉन खाऊन टाकते.

पेरॉक्साइडने कापसाचा धागा पूर्ण जात नाही. आपण स्वतः सुती कपडे घालतो आणि नदीत सुती कपडेही धुतले जातात, त्यामुळे गाळणपत्रावर कापसाचे धागे दिसणारच. ते प्लास्टिक म्हणून मोजले जाऊ नयेत, याची काळजी पुढच्या पायरीत घ्यावी लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली

नमुना शेवटी ग्लास फायबर गाळणपत्रावर घेऊन काचेच्या झाकलेल्या पेट्री डिशमध्ये वाळवावा आणि ४० पट मोठे दाखवणाऱ्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली ओळीओळीने पाहावा. पेशींची रचना दिसत असेल तर तो कण वनस्पतीचा किंवा प्राण्याचा आहे. प्लास्टिकच्या धाग्याची जाडी सर्वत्र सारखी असते आणि रंग एकसमान असतो. कापसाचा तंतू पट्टीसारखा चपटा आणि पीळ पडलेला दिसतो. तापवलेल्या सुईचे टोक जवळ नेले की बहुतेक प्लास्टिक वितळते किंवा वळते, कापूस आणि लाकूड करपते. ही चाचणी मोठ्या कणांना ठीक आहे आणि ती कण नष्ट करते, म्हणून ज्यांचा वर्णपट (कोणता प्रकाश शोषला किंवा विखुरला जातो याचा, पदार्थ ओळखून देणारा आलेख) घ्यायचा आहे त्यांच्यावर करू नये. साधारण ५०० मायक्रॉनच्या खाली केवळ डोळ्यांच्या आधारे दिलेला निर्णय विश्वासार्ह राहत नाही. दोन व्यक्तींनी एकमेकांचे आकडे न पाहता एकच गाळणपत्र मोजावे. फरक किती येतो ते लिहावे.

बारीक कणांसाठी नाइल रेड या रंगद्रव्याचा चांगला उपयोग होतो. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमपर्यंतचे द्रावण टाकून अर्धा तास ठेवले आणि निळ्या प्रकाशात नारिंगी गाळणीतून पाहिले की अनेक प्लास्टिके चमकतात. गडद रंगाचे कण आणि काही पॉलिस्टर धागे नीट चमकत नाहीत. उलट चरबी आणि न पचलेले सेंद्रिय पदार्थ चमकतात. सांगलीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हळदीतील कुर्क्युमिन निळ्या प्रकाशात स्वतःच चमकते, आणि मार्केट यार्डाच्या परिसरात हळदीची धूळ हवेत असते. म्हणून रंग न टाकलेले एक गाळणपत्र नेहमी आधी पाहावे. नाइल रेडला मी चाळणी मानतो. त्याने निवडलेल्या कणांचे प्लास्टिक असणे वर्णपटानेच सिद्ध करायचे असते.

वर्णपट

पाचशे मायक्रॉनहून मोठा कण साध्या एटीआर-एफटीआयआर यंत्राने (अवरक्त प्रकाशाचे शोषण मोजणारे यंत्र) ओळखता येतो. १० ते २० मायक्रॉनपर्यंत सूक्ष्मदर्शक जोडलेले एफटीआयआर लागते आणि त्याखाली १ मायक्रॉनपर्यंत रामन, म्हणजे विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून पदार्थ ओळखणारे यंत्र. विद्यापीठांच्या उपकरण केंद्रांत शुल्क भरून नमुने तपासून मिळतात, त्यामुळे यंत्र आपल्याकडे नाही म्हणून काम अडत नाही. सूक्ष्म एफटीआयआर करायचे असेल तर ग्लास फायबर गाळणपत्र अडथळा ठरते. कण ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या गाळणपत्रावर घ्यावे लागतात, हे केंद्राशी आधी बोलून ठरवावे.

पॉलिइथिलिन वर्णपटातील २९१५ आणि २८४८ (एकक : प्रति सेंटिमीटर) च्या जोडशिखरांवरून व ७२० जवळच्या शिखरावरून ओळखतात, पीईटी १७१५ च्या आसपासच्या ठळक शिखरावरून. संगणकाने ७० टक्क्यांहून अधिक जुळणी दाखवली तरी वर्णपट डोळ्यांनी पाहावाच, कारण दोन फसवणुकी नेहमीच्या आहेत. नायलॉनची ३३००, १६४० आणि १५४० ची शिखरे लोकर, रेशीम आणि किड्यांच्या अंगातील प्रथिनांतही दिसतात. तसेच हातमोज्यांवरून सुटणारे स्टिअरेट (साबणासारखे क्षार) पॉलिइथिलिनसारखे दिसते. म्हणून गाळणपत्राला हातमोज्याचा स्पर्श होऊ देऊ नये. टायरच्या झिजेचे काळे कण सातारा-कराड महामार्गाच्या पुलांखाली अपेक्षित आहेत, परंतु त्यातील कार्बन ब्लॅक प्रकाश शोषून घेतो आणि एफटीआयआर निरुपयोगी ठरते. त्यांच्यासाठी पायरोलिसिस-जीसीएमएस (कण तापवून फोडून निघणारे वायू ओळखण्याची पद्धत) लागते, आणि तिचे उत्तर संख्येत न येता वजनात येते.

शंभरापर्यंत संशयित कण असतील तर सर्वांचा वर्णपट घ्यावा. त्याहून अधिक असतील तर चिठ्ठ्या टाकून निवडावेत. रंगीत आणि ठळक तेवढेच निवडले तर प्लास्टिकचे प्रमाण फुगते.

परतावा तपासणे आणि नोंदी

पद्धत किती कण गमावते हे माहीत असल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. कृष्णेतील गाळ मफल भट्टीत ४५० अंशांना काही तास तापवून प्लास्टिकमुक्त करावा, त्यात मोजून २० लाल पॉलिइथिलिनचे कण आणि २० रंगीत पॉलिस्टर धागे घालावेत आणि पूर्ण प्रक्रिया करावी. दोन्हींपैकी कशाचाही परतावा, म्हणजे परत सापडलेल्या कणांचे प्रमाण, ८० टक्क्यांहून कमी आला तर कण कोणत्या पायरीत हरवतात ते शोधावे. बहुधा ते भांड्याच्या कडेला किंवा चाळणीच्या तारांत चिकटलेले असतात. तुकड्यांचा परतावा चांगला आणि धाग्यांचा वाईट, असे पुष्कळदा होते, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे तपासण्याचा आग्रह धरावा.

पाण्याचे आकडे दर लिटरला किंवा दर घनमीटरला, गाळाचे दर किलो कोरड्या वजनाला लिहावेत. प्रत्येक आकड्याच्या शेजारी सर्वांत बारीक जाळीचे छिद्र, द्रावणाची घनता, कोऱ्या नमुन्यांचे आकडे, परतावा आणि किती टक्के कणांचा वर्णपट घेतला हे नमूद करावे. कणांचे आकारगट, रूप, रंग आणि पॉलिमर यांची कच्ची नोंद जशीच्या तशी जोडावी. सरासरी काढून मूळ नोंदी फेकून देऊ नयेत. ६३ मायक्रॉनच्या चाळणीने मिळालेला सांगलीचा आकडा ३०० मायक्रॉनच्या जाळीने मिळालेल्या दुसऱ्या नदीच्या आकड्याशी तुलनेला ठेवायचा असेल, तर आधी दोन्हींतील ३०० मायक्रॉनच्या वरचेच कण वेगळे काढावेत.

गाळणपत्रे काचेच्या पेट्री डिशमध्ये, पेन्सिलीने लिहिलेली कागदी चिठ्ठी आत ठेवून आणि डिश फॉइलमध्ये गुंडाळून, कोरड्या जागी निदान पाच वर्षे जपावीत. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, पाणीपातळी, नमुन्याचे घनफळ किंवा वजन आणि मोजणाऱ्या दोघांची आद्याक्षरे असावीत, म्हणजे आपल्या मोजणीवर शंका घेणाऱ्याला तेच गाळणपत्र पुन्हा मोजता येईल.